अबोलीचं पातं आणि जास्तीचं ग्राफीन

कट्! अबोलीचं नवंकोरं पातं, वाकवून ताकद तपासणाऱ्या यंत्राच्या चिमट्यात मधोमध तुटलं.

अबोलीचा उजवा पाय जन्मापासून गुडघ्याखाली नव्हता. धावताना ती तिथं एक बाकदार, लवचीक पातं बांधायची. ते बनवायचे तिचे आजोबा, रसायनशास्त्रज्ञ भास्कर नाईक. वेंगुर्ल्यात घरामागेच त्यांची प्रयोगशाळा होती. बाहेर खाडीतून सौर होड्या आवाज न करता ये-जा करत.

मागचं पातं ऐन धावताना तडकलं, तेव्हा अबोली तोंडावर आपटली होती. शाळेच्या शर्यती जवळ आल्या, तरी आई आता धावू द्यायला तयार नव्हती. आणि हे पातं तर त्याहूनही लवकर तुटलं!

"असं कसं झालं?" आजोबा मटकन खुर्चीत बसले.

"आजोबा, यात तुम्ही काय काय घातलंय?"

"तागाचे धागे आणि इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारी राळ). ही राळ मी काजूच्या टरफलांतल्या तेलापासून बनवतो. पण ती जरा कमजोर पडते, म्हणून या वेळी ग्राफीन घातलं."

"ते काय असतं?"

"पेन्सिलीतलं शिसं म्हणजे कार्बनचे एकावर एक थर. त्यातला एकच थर सुटा केला, की झालं ग्राफीन. जाडी फक्त एका अणूची, पण ताकद अफाट! राळेत भेग पडली की ती सरळ धावत सुटते. वाटेत ग्राफीनचा पापुद्रा आडवा आला, की तिला वळसा घालावा लागतो. असे वळसे घेता घेता तिची दमछाक होते आणि ती थांबते."

"मग आपली भेग का नाही दमली?"

आजोबांनी तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या यंत्राखाली) ठेवला. अबोलीनं डोळा लावला. "शी! पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तशी काळी ढेकळं दिसतायत."

आजोबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पापुद्रे एकमेकांना चिकटलेत. मग ते एकमेकांवरून घसरतात आणि भेग तिथूनच सुरू होते. चूक माझीच. चिमूटभर पुरलं असतं, मी चौपट घातलं."

"का?"

"तू पुन्हा पडू नयेस म्हणून."

अबोलीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. "आजोबा, माया चौपट करा. ग्राफीन नको."

मग दोघं कामाला लागली. राळेत अगदी थोडं ग्राफीन घालून त्यांनी ते श्राव्यातीत ध्वनीनं (कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं) हलवलं. चिकटलेले पापुद्रे सुटे होऊन सगळीकडे सारखे पसरले. नंतर त्यात कडक करणारा द्रव आणि मग तागाचे धागे. तयार झालेलं पातं यंत्रानं दिवसभर वाकवलं. ते दरवेळी वाकलं आणि पुन्हा ताठ झालं. तुटलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आईनं स्वतः पातं हातात घेऊन वाकवून पाहिलं, आणि मग त्याचे पट्टे लेकीच्या पायाला आवळले.

अबोली आधी चालली, मग दुडकली, मग वाऱ्यासारखी सुटली. ओल्या वाळूत एका बाजूला पाच बोटं उमटत होती, दुसऱ्या बाजूला पात्याचा ठसा.

दूर वळणावरून तिनं ओरडून विचारलं, "आजोबा, या राळेची होडी होईल?"

"होईल की!" आजोबा तोंडाशी हात धरून ओरडले. "पण राळ तू ढवळायची!"