बारावा प्रश्न

हरसूलच्या पुढे, घाट उतरल्यावर एका संस्थेचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. तिथल्या टॅबवर चालणारं ॲप मी केलंय. त्यात पेशंटच्या माहितीचा फॉर्म आधी बनवून ठेवलेला नसतो. नुसती एक यादी असते. यादीत जितक्या ओळी, तितके प्रश्न पडद्यावर आपोआप तयार होतात. नवा प्रश्न हवा असेल तर यादीत एक ओळ वाढवायची. त्या यादीत ओळी अकरा होत्या.

गेल्या भाद्रपदात तिथल्या नर्स शुभांगी सिस्टरांचा फोन आला.

"हर्षल सर, तो शेवटचा प्रश्न काढून टाका ना."

"कुठला?"

"बारावा."

"सिस्टर, बारावा प्रश्न नाहीच आहे."

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग तुम्ही या. आजच या."

जेवण उरकून मी नाशिकहून मोटरसायकलवर निघालो. पोचलो तेव्हा जेमतेम चार वाजले होते, पण धुकं खिडक्यांना टेकलं होतं आणि लाइट गेलेली. आत फिनेलचा उग्र वास. बाकावर अंबूबाई नावाची म्हातारी तापाने फणफणत पडली होती. तिची मुलगी मनीषा तिचे पाय दाबत होती.

सिस्टरांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"सगळ्यांना नाही येत तो. पहिल्यांदा मंगळूबाबांना आला. 'तुमच्या मागे कोण उभं आहे?' उत्तर लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. बाबांनी मागे बघितलं. म्हणाले, एक बाई हाय... मी तसंच लिहिलं. चौथ्या दिवशी बाबा गेले."

"वय झालं होतं ना त्यांचं?"

"कुसाबाईचं नव्हतं. नुसता खोकला होता. तिनेही मागे बघितलं, तेच सांगितलं... तीही चौथ्याच दिवशी." त्यांनी टॅब माझ्यापुढे सरकवला. "आता अंबूबाईच्या फॉर्मवर आलाय. मी विचारलेलं नाही, सर. विचारणारही नाही. पण फॉर्म गेल्याशिवाय संस्थेची ॲम्ब्युलन्स निघत नाही."

मी लॅपटॉप उघडला. यादीत अकरा ओळी. टॅबवर बारा चौकटी. ॲप बंद करून पुन्हा सुरू केलं. बारा. बाहेर अंबूबाई कण्हत होती, मध्येच थांबत होती, आणि ती थांबली की सिस्टर दाराकडे बघत होत्या.

शेवटी मी प्रोग्रॅममध्येच लिहिलं, जे यादीत नाही ते पडद्यावर दाखवायचं नाही.

लिहिताना मानेला गार वाटलं. कोणीतरी खांद्यावरून वाकून स्क्रीन वाचावी, तसं. ओल्या लुगड्याचा वास आला. सिस्टर तर माझ्या समोर उभ्या होत्या. मी टाइप करत राहिलो.

बारावी चौकट गेली. फॉर्म गेला. तासाभरात ॲम्ब्युलन्स आली. अंबूबाईला तिच्यात चढवत होते, तेव्हाच मी मोटरसायकल काढली. चहालाही थांबलो नाही. घाटात गाडी नेहमीपेक्षा जड चालत होती. रस्ता ओला आहे, म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

चौथा दिवस मी फोन हातात धरूनच काढला. पाचव्या दिवशी संध्याकाळी मनीषाचा फोन आला.

"दादा, आईचा ताप उतरला. बसून जेवली आज."

माझा जीव भांड्यात पडला. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आई एक विचारतेय..."

"काय?"

"त्या दिवशी मोटरसायकलवर तुमच्या मागं बसून जी बाई गेली, ती घरी नीट पोचली ना? लय भिजलेली होती, म्हणते."

मी एकटा गेलो होतो. एकटाच परत आलो होतो. आता घरी मी टेबलाशी बसलो होतो, दाराकडे पाठ करून.

"पोचली," मी म्हणालो.

मागे बघितलं नाही.