एकशे बेचाळीस अधिक एक

माझं काम विमानाचं वजन जुळवण्याचं आहे. विमान कोणी काट्यावर चढवत नाही, ते कागदावरच तोललं जातं. माणसं किती, सामान किती, इंधन किती, पुढे-मागे कुठे किती भार आला, हे मांडून कागद तयार करायचा, सही करायची आणि वैमानिकाकडे पाठवायचा. त्याला लोडशीट म्हणतात. ती गेल्याशिवाय दार बंद होत नाही. सव्वीस वर्षं मी हेच करतोय. विमानतळावर सगळे मला वजनकाका म्हणतात, आणि माझा घेर पाहता त्यात थोडी थट्टाही असावी.

आमची खोली टर्मिनलच्या तळमजल्यावर आहे. दोन टेबलं, दोन संगणक, एक फोन. डोक्यावरून सामानाचे पट्टे जातात, त्यामुळे छत दिवसभर घरघरत असतं. खिडकीतून विमानांची फक्त पोटं आणि चाकं दिसतात. माणसं दिसत नाहीत. ती माझ्याकडे आकड्यांतच येतात. मोठं माणूस पंचाहत्तर किलो, मूल पस्तीस, आणि दोन वर्षांच्या आतलं, आईच्या मांडीवर बसणारं बाळ दहा. बाळाला स्वतःची जागा नसते, म्हणून ते अधिक चिन्हापुढे वेगळं लिहायचं. समजा, एकशे दहा अधिक दोन. कोणाच्या मांडीवर, हे कागदावर कधीच लिहावं लागत नाही.

त्या महिन्यात उड्डाणांचे मार्ग सांभाळणारी यंत्रणा एका सोमवारी सकाळी बंद पडली आणि तीन दिवस उठलीच नाही. सगळ्या देशातली विमानं जिथल्या तिथे. वर टर्मिनलमध्ये लोक बॅगांवर डोकी टेकून झोपत होते, स्वच्छतागृहांबाहेर रांगा होत्या, आणि फलकावर लाल अक्षरांशिवाय काही नव्हतं. चौथ्या दिवशी दहा-बारा विमानं सुटायला लागली. कोणती सुटेल, कोणती रद्द होईल, हे आम्हालाही तासभर आधी कळायचं.

घरी वेगळीच घालमेल होती. लेकीला नववा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा तिची आई वेळेवर पोचू शकली नव्हती, आणि ती गोष्ट घरात कोणी बोलत नसलं तरी रोज जेवायला आमच्याबरोबर बसायची. लेकीच्या गावाला रेल्वे जात नाही, रस्त्याने दोन दिवस लागतात, आणि माझ्या बायकोची कंबर ते सोसत नाही. हिचं तिकीट तीनदा रद्द झालं. त्यात ही जन्मात विमानात बसलेली नाही. नवऱ्याच्या सहीने हजारो विमानं उडाली, पण बायकोचा त्या सहीवर काडीचा विश्वास नाही.

"एवढी रद्द होतायत म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार ना?" ती सकाळी चहा गाळता गाळता विचारायची. "मग जी सोडता, त्यांचं काय?"

"ज्यांचं जुळतं, तीच सोडतो आम्ही," मी म्हणायचो.

विमानं सुटायला लागली त्या दिवशी माझं पहिलंच विमान जुळलं नाही.

यादीत सत्त्याण्णव प्रवासी होते. दार लावण्याआधी केबिनच्या प्रमुख बाई हातातल्या क्लिकरवर डोकी मोजतात. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या या बाईंची मोजणी मी कधी चुकलेली पाहिली नाही. त्यांचा फोन आला, "काका, अठ्ठ्याण्णव."

पुन्हा मोजा म्हटलं. अठ्ठ्याण्णव. मग त्यांनी ओळीओळीने प्रत्येकाचा बोर्डिंग पास पाहिला. पास सत्त्याण्णव, माणसं सत्त्याण्णव, प्रत्येक जण आपापल्या जागेवर. क्लिकर बदलून परत मोजलं, तर अठ्ठ्याण्णव. तोवर पाऊण तास गेला होता, आणि कर्मचाऱ्यांची कामाची मुदत संपली असती तर तेही विमान रद्द झालं असतं.

"मांडीवरचं एखादं बाळ यादीतून गळलं असेल," बाई म्हणाल्या.

हे पटण्यासारखं होतं. एकेका कुटुंबाला चार-चार विमानांतून हलवलं जात होतं. त्या गडबडीत पहिलं गळतं ते बाळच, कारण त्याच्या नावावर जागा नसते. दहा किलोने विमानाला काही फरक पडत नाही. मी सत्त्याण्णव अधिक एक लिहिलं, सही केली. विमान गेलं, वेळेत उतरलं. तिकडच्या माणसाला मी सहज फोन करून विचारलं. त्याने सांगितलं, सत्त्याण्णव उतरले, आणि बाळ एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमान दुसरं, शहर दुसरं, पण बाई त्याच होत्या. एकशे तीसचे एकशे एकतीस झाले. तिसऱ्या दिवशी बाईही वेगळ्या होत्या, तरी एक जास्त. रोज एकच विमान, आणि तेही मी केलेलंच. शेजारच्या टेबलावरच्या बुवांची सगळी विमानं चोख जुळत होती. बुवा म्हणजे माझे सहकारी. भूकंप झाला तरी खुर्चीतून उठणार नाहीत इतके शांत, म्हणून बुवा.

"वय झालं तुमचं," बुवा म्हणाले.

"मोजतात त्या. मी कुठे मोजतो?"

"पण लिहिता तुम्हीच," बुवा म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

पाचव्या दिवशी पहिल्या दिवशीच्या प्रमुख बाई स्वतः खाली आल्या. त्यांच्या हातात बाळाचा पट्टा होता. मांडीवरच्या मुलांसाठी विमानात छोटे पट्टे असतात, आईच्या पट्ट्यात अडकवायचे. ते पुढच्या खणात घडी करून ठेवलेले असतात आणि मागितल्याशिवाय कोणाला देत नाहीत.

"रोज त्या फेरीनंतर एक बाहेर सापडतो," त्या म्हणाल्या. "कुठल्याही जागेवर. पण असा."

पट्ट्याचं बकल लावलेलं होतं. आत काही नव्हतं, पण पट्टा आवळून बसवलेला होता, मोकळ्या हवेला कोणी घट्ट बांधून ठेवावं तसा.

"आणि वेढा रोज लहान होत चाललाय," बाई म्हणाल्या. "मला आधी वाटलं, मला भास होतोय."

जास्त मोठ्या बॅगा मापायची टेप आमच्याकडे असते. त्या टेपने मी तो वेढा मापला. बेचाळीस सेंटिमीटर. एवढी कंबर साताठ महिन्यांच्या मुलाची असते. सहाव्या दिवशी चाळीस, आठव्या दिवशी सदतीस. आकडे मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवत होतो. का, ते सांगता येणार नाही. आकडा दिसला की लिहायचा, ही सवय. अकराव्या दिवशी बकलाची कड थोडी कोमट लागली, आणि मी हात पँटला पुसला. त्या दिवशी तेहतीस भरलं.

मला भीती वाटायला लागली होती, हे कबूल करतो. वरिष्ठांना सांगायचं तर काय सांगायचं? एक बाळ जास्त आहे आणि ते दिसत नाही? मी घरी हिला सांगितलं. वाटलं, विमानाला आणखी घाबरेल. पण ती निवांतपणे लेकीसाठी शिवलेली दुपटी बॅगेत भरत होती.

"जायचं असेल त्याला कुठेतरी," ती म्हणाली. "बसू द्या की. तुमचं काय जातंय?"

बाराव्या दिवशी सकाळी सातला लेकीचा फोन आला. आदल्या संध्याकाळपासून बाळ हललं नव्हतं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं होतं. ठोके लागत होते, पण मध्येच हरवत होते. भूल देणारे डॉक्टर बाहेरगावाहून येणार होते, ते पोचले की दुपारी बाराला ऑपरेशन करून काढणार होते. ती रडत नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"आई येतेय ना या वेळी?" तिने विचारलं.

दहा चाळीसचं विमान सुटणार होतं. मी गेटवर हातापाया पडून हिची जागा पक्की केली. चौदा सी, मधल्या वाटेकडेची. वर जाताना हिने माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली.

खाली आलो तेव्हा बुवा म्हणाले, "हे मी करतो. माझं जुळतं."

खरं तर त्यांना द्यायला हवं होतं. पण बायको बसणार त्या विमानाचं वजन दुसऱ्याने करावं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. सव्वीस वर्षांचा अहंकार म्हणा. मी बसलो. यादी एकशे बेचाळीस. बाळ एकही नाही. ते मी तीनदा तपासलं.

अकराला पाच कमी असताना फोन वाजला. प्रमुख बाईच होत्या.

"एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या.

बारा दिवसांनी आकडा जुळला होता. मी खुर्चीला पाठ टेकली.

"अधिक एक," बाई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "या वेळी दिसतंय, काका. चौदा सीच्या मांडीवर. झोपलंय. मी पट्टा लावून दिला."

डोक्यावर सामानाचे पट्टे घरघरत होते.

"यादीत बाळ नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. सगळ्यांना उतरवायचं का?"

उतरवलं असतं तर पुन्हा मोजणी, पुन्हा तपासणी. कर्मचाऱ्यांची मुदत साडेअकराला संपत होती. विमान रद्द झालं असतं.

"एक मिनिट," म्हणून मी मोबाइलवरून हिला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"बसले हो मी. काही भीती नाही वाटत, खरंच."

"तुझ्या मांडीवर काय आहे?"

"काही नाही. पर्स वर ठेवायला लावली त्यांनी." ती जरा थांबली. "एक छोटा पट्टा लावून दिलाय मला. कशाला असतो हो?"

मी पेनाचं टोपण काढलं.

"काढायला सांगू का?"

खिडकीतून विमानाचं पोट दिसत होतं. चाकांपुढचे अडसर अजून काढलेले नव्हते. विमानाखालची माणसं माझ्या कागदासाठी थांबली होती.

"असू दे," मी म्हणालो.

मी लिहिलं, एकशे बेचाळीस अधिक एक. सही केली. पाठवलं.

दार अकरा वाजून सहा मिनिटांनी बंद झालं.

त्यानंतरचा सव्वा तास मी काय केलं, ते मला आठवत नाही. बुवांनी माझ्यापुढे चहा ठेवला होता, त्यावर साय धरली. बारा चोवीसला विमान उतरल्याचा संदेश संगणकावर आला. पाच-सात मिनिटांनी प्रमुख बाईंचा फोन आला.

"सगळे उतरले. एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "पट्टा चौदा सीवर होता."

"माप?"

"माप नाही घेता येणार. आज उघडा होता."

जावयाचा फोन दीड वाजता आला. मुलगी झाली. काढली तेव्हा रडली नाही, रंगही गेला होता, डॉक्टरांनी आशा जवळजवळ सोडली होती. मग आपली आपण रडली. किती वाजता, असं मी विचारलं. असल्या वेळी कोण घड्याळ बघतं, म्हणून तो हसला, मग म्हणाला, नर्सने लिहिलंय, बारा चोवीस. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. बुवा उठून खोलीबाहेर गेले, दार हळूच ओढून घेत. त्यांना असं मध्येच उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारनंतर मी आणखी चार विमानं केली. चारही जुळली.

संध्याकाळी हिचा फोन आला. आवाज थकलेला, पण इतका आनंदी की मला आमच्या लग्नाचे दिवस आठवले. लेक बरी आहे, बाळ दूध पितंय, नाक तुमच्यावर गेलंय बिचारीचं. विमानात काही कळलंच नाही म्हणाली. सुटलं तशी झोप लागली, उतरल्यावर जाग आली.

"फक्त हात फार भरून आले होते हो. पोरीला दिवसभर कडेवर घेतल्यावर यायचे ना, तसे."

"वजन किती?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"दोन किलो नऊशे. चांगलं आहे म्हणाले." मग तिने आवाज खाली केला. "पोटावर एक लाल वळ आहे तिच्या. डॉक्टर म्हणतात, नाळेचा असेल, जाईल चार दिवसांत. फोटो पाठवलाय, बघा."

मी फोटो उघडला. बाळाचे डोळे मिटलेले होते, मुठी आवळलेल्या. पोटावरून आडवा, दोन बोटं रुंद, सरळ कडांचा लाल वळ गेला होता. मधोमध एक चौकोन होता.

"दिसतंय का? जाईल ना हो?" ती विचारत होती.

"जाईल," मी म्हणालो, आणि फोटो बोटांनी मोठा केला.

चौकोनात एक बारीक बाण उमटला होता. बकल कुठल्या बाजूने उघडायचं, ते दाखवणारा.