सात नंबरची कोरी नोंद

खाणीच्या गाळाचं धरण फुटलं तेव्हा भोंगा वाजलाच नाही. अकरा माणसं जिवंत गाडली गेली. कंट्रोल रूममधला वाल्देसी कोठडीत होता. त्यानं धरणाचा सात नंबरचा दाबमापक बंद केला, म्हणून भोंगा वाजला नाही, असा आरोप. दोन दिवसांनी सुनावणी होती.

तपास अधिकारी नेउझा थेट इरासेमाकडे, बेलो होरिझोन्ते शहरात आली. संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, दुरुस्त करणं हे इरासेमाचं काम.

"इरासेमाबाई, भोंग्याच्या प्रोग्रॅमनं त्या सकाळी सात नंबरची फाइल वाचली, ती कोरी. आज फाइलमध्ये आकडा आहे. मागाहून भरला ना लबाडानं?"

"मापक बंद केला तर काय नोंद होते?"

"'बंद', असा शब्द."

"इथे तो शब्द नाही. शून्यही नाही. वाल्देसी काय म्हणतो?"

"एकच पालुपद. मापक चालू होता, आकडा मला दिसत होता."

इरासेमानं खाणीतल्या संगणकावरचंच कर्नल घेतलं. एक प्रोग्रॅम फाइल लिहिणारा, दुसरा त्याच क्षणी वाचणारा, असे दोन त्यावर चालवले. लाखात एकदा कोरं आलं. गेल्या वर्षीच्या कर्नलवर एकदाही नाही. मधले बदल निम्मे-निम्मे गाळून तपासत दुपारी ती एकाच बदलावर येऊन थांबली. मग त्याखालची नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"काय गं, भूत पाहिलंस?" समोरच्या टेबलावरून तिचा सहकारी ओतासिलिओ हसला.

"तुझा बदल आहे."

त्याचं हसू विरलं.

"फाइल वाढते तेव्हा आधी मजकूर उतरवायचा, मग लांबी वाढवायची," ती नेउझाला म्हणाली. "वेगासाठी यानं क्रम उलटा केला. ताट मांडलं, आणि वाढायच्या आधीच पाहुणा बसला. भोंग्याच्या प्रोग्रॅमला लांबी दिसली, आकडा नाही. मापक बिघडला समजून त्यानं सात नंबर सोडून दिला, पुन्हा वाचलाच नाही, म्हणून भोंगा वाजला नाही. क्षणभरानं आकडा उतरला. वाल्देसीनं कशालाही हात लावलेला नाही."

"म्हणजे गुन्हेगार हा?"

"चूक कुणाचीही होते. म्हणूनच बदल चालवून तपासणाऱ्याचं नाव खाली लागतं. वाचा."

नेउझानं वाचलं आणि वर पाहिलं. नाव इरासेमाचं होतं.

"हा कॉफी घेऊन आला. म्हणाला, दोन ओळी तर आहेत, टाक नाव. मी टाकलं. चालवून पाहिलंच नाही."

इरासेमानं दोन ओळी जागेवर आणल्या, दहा लाख वेळा चालवून पाहिल्या. मग दुरुस्तीखाली लिहिलं: दोष कळवणारा, वाल्देसी फोन्तोरा.

"त्याला यातलं काय कळतं?" नेउझानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून तोच तर सांगत होता."

आणि स्वतःचा जबाब नोंदवायला तिनं आपलं ओळखपत्र नेउझापुढे टेबलावर ठेवलं.