समक्ष हजर

ही ऐकीव गोष्ट नव्हे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. गुरुवार होता. दुपारचा सव्वा वाजलेला, बाहेर लख्ख ऊन.

ताई बंदूक परवान्यांच्या कचेरीत कारकून होती. हाडाची काटेकोर. पण त्या सकाळी तिने एक खोटं वाक्य लिहिलं.

एका कंत्राटदाराची बंदूक पोलिसांनी जमा करून घेतली होती. बायकोचीच तक्रार होती, दारू पिऊन माझ्यावर रोखतो म्हणून. तिने स्वतः येऊन तक्रार मागे घेतली, तरच बंदूक परत, असा तिथला नियम.

कंत्राटदार एकटाच आला. हातात बायकोच्या सहीचा कागद.

"त्यांना घेऊन या," ताई म्हणाली.

"तिला ताप आहे हो."

हेडक्लार्क हसले. "बाई, तुम्ही यमाकडेही ओळखपत्र मागाल! लिहा की."

ताईने वहीत लिहिलं. ‘पत्नी समक्ष हजर. तक्रार मागे.’

पुढे पत्नीच्या सहीची जागा मात्र कोरी सोडली.

दुपारी सगळे डबा खायला गेले. ताई एकटीच. डोक्यावर पंखा करकरत होता…

आणि तो थांबला.

दिवा चालूच होता.

समोरच्या खुर्चीत एक बाई बसली होती. दार वाजलं नव्हतं… चपलांचा आवाज नव्हता…

शाल छातीशी घट्ट आवळलेली.

"मी हजर आहे असं लिहिलंत ना? म्हणून आले."

ताईने वही पुढे ओढली.

"आता तरी विचारा की."

"तक्रार… मागे घेतलीत का तुम्ही?"

"नाही."

तेवढ्यात फोन खणखणला. पोलीस ठाण्यातून होता. सकाळी परत दिलेली बंदूक तासाभरापूर्वी चालली होती. कंत्राटदाराची बायको जागच्या जागी गेली होती.

ताईने मान वर केली.

खुर्ची रिकामी. पंखा पुन्हा करकरू लागलेला.

वहीतल्या कोऱ्या जागेत सही होती… शाई अजून ओली.

कंत्राटदाराने आणलेल्या कागदावरच्या सहीशी ती जुळेना. जुन्या तक्रारअर्जावरच्या सहीशी मात्र तंतोतंत जुळली.

आता ताई ब्याऐंशीची आहे. परवा दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. मध्येच तिचा घास हातात राहिला. तिसऱ्या खुर्चीकडे बघून ती हळूच म्हणाली, "हो गं बाई. मीच लिहिलं."

मी तिथे समक्ष होते.

ती खुर्ची रिकामी होती, असं मात्र मी लिहून देणार नाही.