दोनदा विचारलेला प्रश्न

"इथं कुणी बसलंय का?" धाकटीनं विचारलं खरं, पण खुर्चीवर ठेवलेला जाडजूड कोट बघून तिला हसूच आलं. बाहेर उन्हानं अंगाची लाही लाही होत होती, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या या माणसानं चक्क कानटोपी घातली होती!

"कोट बसलाय," तो म्हणाला. "पण उठेल तो. सभ्य आहे."

त्यानं कोट उचलून मांडीवर घेतला. ती बसली. मग न राहवून तिनं हळूच आपल्या कानाकडे बोट दाखवलं. त्याचा हात डोक्याकडे गेला, चेहरा लालबुंद झाला, आणि टोपी निघाली तशी त्याचे सगळे केस उभे राहिले.

"बर्फाचा कारखाना आहे आमचा," तो पुटपुटला. "तिथून थेट आलो… विसरलोच."

"आमची लाँड्री आहे," ती म्हणाली. "मी इथं गारव्याला आलेय."

व्यापारी संघाच्या वरच्या मजल्यावर तो वर्ग भरायचा. रोजच्या धंद्यातले निर्णय घेताना एआयची मदत कशी घ्यायची, हे शिकवायचा वर्ग. कोणती गाडी कुठं पाठवायची, माल किती काढायचा, कुणाला कधी कामावर बोलवायचं… शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या, ठसठशीत आवाजाच्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"एआय म्हणजे कालच कामाला लागलेला हुशार माणूस समजा," त्या म्हणाल्या. "भराभर काम करतो, पण तुम्ही सांगाल तेवढंच त्याला तुमच्या धंद्यातलं कळतं. आणि एक खोड आहे त्याला. मालकाला आवडेल असं बोलायची. तेव्हा ठरवायचं तुम्हीच."

आपल्या धंद्यावर आपली माया असते, ती आड येते. म्हणून शेजाऱ्याचा धंदा समजून घ्या आणि शेवटच्या दिवशी त्याचा एक अवघड निर्णय सगळ्यांपुढे मांडा, असा अभ्यास त्यांनी दिला. धाकटीनं शेजारी पाहिलं. तो आधीपासूनच तिच्याकडे बघत होता. दोघांनी एकदमच नजर वळवली.

लाँड्री खरं तर आत्याची. आत्याला सगळे मोठ्या बाई म्हणत, म्हणून भाची झाली धाकट्या बाई. आईबाप गेल्यावर आत्यानंच तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं होतं. आता अर्धांगवायूनं आत्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि जीभ जड झाली होती. तरी चाकाच्या खुर्चीत बसून ती दिवसभर सगळ्यांवर डोळा ठेवायची.

पुढच्याच आठवड्यात बर्फवाला लाँड्रीत आला. वाफ, साबणाचा वास, मोठ्या रुळांखालून सरकणाऱ्या चादरी… त्यानं भराभर सगळं विचारून घेतलं, काचेच्या खोलीत लॅपटॉप उघडून एआयला सांगितलं आणि उत्तर मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. "दवाखाना आणि हॉटेल एकाच रस्त्यावर आहेत. दोन्हीकडे एकच गाडी पाठवावी."

इस्त्रीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अहो, दवाखान्याच्या मळक्या चादरी आणि हॉटेलचे धुतलेले टॉवेल एका गाडीत?" धाकटी म्हणाली.

"हे त्याला सांगितलंच नव्हतं."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही मला कुठं सांगितलंत?"

"हे काय सांगायचं असतं?"

"धाकट्या बाई," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "जगातली निम्मी भांडणं याच वाक्यावरून होतात."

मग ती दुपार दोघांनी सांगण्यातच घालवली. जे वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून कुणी कधी बोललंच नव्हतं, ते सगळं. दवाखान्याला चादरी सकाळीच लागतात. मोठं यंत्र तापायला वेळ घेतं. लांब राहणाऱ्या बायकांची शेवटची बस चुकते. एआयनं दोन-तीन वेळापत्रकं दिली, त्यांनी ती खोडली, सुधारली, पुन्हा मांडली. आठवडाभर करून पाहिलं, तर बायका दिवसाउजेडी घरी पोचायला लागल्या. एकीनं तर बर्फवाल्याची दृष्टच काढायची भाषा केली.

"हा…" आत्या जड जिभेनं म्हणाली, "बरा… आहे."

"वेळापत्रक ना? हो, बरं जमलंय," धाकटी म्हणाली.

आत्यानं डावा हात कपाळाला लावला.

मग धाकटी बर्फाच्या कारखान्यात गेली. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे लांब डबे उभे होते. साखळीनं वर ओढून उलटे केले की निळसर लादी धाडकन बाहेर घसरायची. त्यानं एक लादी दाखवली. कडा काचेसारख्या, आणि मधोमध पांढरा ढग.

"हा ढग कशानं?"

"हवेनं. पाणी घाईत गोठलं की हवा आत अडकते."

"आणि सावकाश गोठलं तर?"

"तर आरपार दिसतं." त्यानं लादीवरून हात फिरवला. "मी सावकाश गोठणाऱ्यांतला आहे."

"दिसतंय की," ती म्हणाली, "आरपार."

ओल्या फळ्यांवरून तिचा पाय सटकला. त्यानं हात धरला, आणि दोघंही दचकले.

"केवढा गार हात!"

"तुमचा केवढा गरम!"

हात सोडायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. कोपऱ्यात लाद्या ढकलणारा म्हातारा कामगार उगाचच खोकला, तेव्हा कुठं…

असे ते महिने गेले. अभ्यासाच्या नावाखाली फोन, फोनच्या नावाखाली चहा. एआयला तो 'शहाणा' म्हणायचा. "शहाण्याला विचारलं, उद्या मागणी किती? तो म्हणाला, हवामान बघून सांगतो. मी म्हटलं, हवामान चांगलंच आहे, लाँड्रीवाली येणार आहे." आणि ती हसू दाबत म्हणायची, "मग काय म्हणाला?" "म्हणाला, बर्फ टिकणार नाही."

एका संध्याकाळी तो धक्क्यावर भेटला तेव्हा मात्र विनोद नव्हता. पाऊस भुरभुरत होता. मासेमारीच्या होड्या नांगरून पडल्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे नव्या इमारतीचा सांगाडा उभा राहत होता.

"शीतगृह बांधताहेत," तो म्हणाला. "ते सुरू झालं की होडीवाले बर्फ कशाला घेतील? त्यातून आमचं मुख्य यंत्र शेवटच्या घटका मोजतंय. नवं घ्यायचं, की…"

"की?"

"ते बांधणाऱ्या कंपनीनंच मला बोलावलं होतं. समुद्रापलीकडे त्यांचा मोठा कारखाना आहे. ही जुन्या पद्धतीची यंत्रं सांभाळणारी माणसं त्यांना मिळत नाहीत. मी म्हटलं, मी येतो. पण माझी सगळी माणसं इथल्या शीतगृहात घ्या. ते कबूल झालेत. वर्ग संपेपर्यंत उत्तर द्यायचंय."

होडीच्या दोराला ताण बसून कुरकुर आवाज येत होता.

"किती वर्षांसाठी?" तिनं विचारलं.

"पाच तरी. पुढं… माहीत नाही." तो तिच्याकडे वळला. "हाच निर्णय मांडा तुम्ही. माझं डोकं चालत नाहीये. माझ्या जोडीदार आहात ना – म्हणजे, वर्गातल्या."

"वर्गातलीच," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला.

त्यानं कारखान्याची सगळी माहिती पाठवली. दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीचं दार लावून धाकटी बसली. तिनं प्रश्न लिहिला: कारखाना चालू ठेवून फायद्यात कसा आणता येईल?

उत्तर झरझर आलं. नवं यंत्र घ्या, हॉटेलांना बर्फ पुरवा, गाड्यांची वेळ बदला. किती नीट, किती आशेचं! तिनं ते तीनदा वाचलं. तो राहील. कानटोपी घालून, उभ्या केसांनी, इथंच…

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. मागणी गेल्या वर्षाइतकीच राहील, हे गृहीत धरलं आहे. 

का गृहीत धरलं? शीतगृहाबद्दल तिनं लिहिलंच नव्हतं. विसरली नव्हती ती. लिहिलं नव्हतं.

बाहेर यंत्रांची घरघर चालू होती. शेवटी तिनं सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं – शीतगृह, मोडकं यंत्र, कंपनीचा शब्द, कामगारांची घरं. दोन्ही वाटा मांड, कुठं काय फसू शकतं ते सांग, आणि तुला काय माहीत नाही तेही सांग.

या वेळी उत्तर गोड नव्हतं. खात्रीनं सांगता येत नाही, असं त्यानं दोनदा म्हटलं होतं. पण आकडे एकाच बाजूला झुकत होते. तिनं ओळखीच्या हॉटेलवाल्यांना फोन केले. सगळ्यांनी आपापली बर्फाची यंत्रं घेतली होती. ती धक्क्यावर जाऊन होडीवाल्यांशी बोलली. ते ओशाळून म्हणाले, शीतगृहाशी आमचं बोलणं झालंय, बाई. कारखान्यानं पुढचा उन्हाळा जेमतेम काढला असता. तोवर थांबलं तर कंपनीला त्याची गरज उरेलच असं नव्हतं, आणि मग त्याच्या माणसांना कुणी विचारलं असतं?

शेवटच्या वर्गाला ती पुढं उभी राहिली. तो तिसऱ्या रांगेत त्याच खुर्चीत होता, कोट मांडीवर. तिनं दोन्ही प्रश्न आणि दोन्ही उत्तरं पडद्यावर शेजारीशेजारी लावली आणि दुसरं उत्तर बरोबर का, ते होडीवाल्यांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या बोलण्यासकट सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझं मत… त्यांनी कंपनीला हो म्हणावं."

"छान मांडलंत," मॅडम म्हणाल्या. "पण पहिला प्रश्न असा एकतर्फी का विचारलात? सगळ्यांना उपयोगी पडेल, म्हणून विचारते."

"मला कारखाना बंद व्हायला नको होता."

"पण कारखाना तर तुमचा नाही."

धाकटीनं मॅडमकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते तिसऱ्या रांगेत.

"नाही," ती म्हणाली. "कारखाना माझा नाही."

तो खाली मान घालून बसला होता. त्यानं मांडीवरचा कोट मुठीत घट्ट धरला होता. मॅडमनी चष्मा पुसला आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

जिन्यात त्यानं तिला गाठलं. बाहेर पाऊस लागला होता. दोघं शेवटच्या पायरीवर आडोशाला उभे राहिले.

"पहिलंच उत्तर दिलं असतंस तर मी थांबलो असतो," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. "डोळे मिटून थांबलो असतो."

"माहीत होतं मला."

"मग?"

"मग उन्हाळ्यानंतर तुझा तो म्हातारा लादीवाला कुठं जाऊन उभा राहिला असता? आणि तू माझ्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघितलं असतंस?"

तो एकदम म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

पावसाचं पाणी पायरीवरून ओघळून चपलांपाशी येत होतं.

"आत्याला घेऊन चल. मी बघेन सगळं."

"तिला समुद्रप्रवास झेपणार नाही. डॉक्टरांना विचारून झालंय माझं."

"कधी विचारलंस?"

"तू धक्क्यावर सांगितलंस ना… त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यानं डोळे मिटून घेतले. "म्हणजे मी विचारायच्या आधीच तू…"

"हो," ती म्हणाली. "हो रे. त्याच्याही कितीतरी आधी." आणि मग तिचा आवाज फुटला. त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. आज त्याचे हात गरम होते.

त्या रात्री धाकटी आत्याचे केस विंचरत होती. आत्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "जा… की," ती मोठ्या कष्टानं म्हणाली.

"आणि तुझी वेणी कोण घालणार?"

"टक्कल… करते."

धाकटी हसली, आणि हसता हसता आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आत्याचा डावा हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला.

तो गेला त्या दिवशी सकाळी लाँड्रीत आला. बायकांचा निरोप घेतला, आत्याच्या पाया पडला. दारात दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"शहाण्याला विचारलंस का," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मी परत येईन की नाही?"

"नाही विचारलं."

"का?"

"माझ्यासाठी थांब, असं मी तुला सांगणार नाही. तूही सांगू नकोस. मग त्याला काय माहिती देऊ?"

त्यानं मान हलवली. आणि तो वळला. गल्लीच्या टोकाला एकदा थांबला. मागं पाहिलं नाही. गेला.

आत दवाखान्याच्या चादरींचा ढीग तयार होता. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. धाकटीनं दोन टोकं उचलली, समोरून इस्त्रीवरल्या बाईनं दुसरी दोन. चादर ताणली, मधोमध दुमडली, आणि दोघी एकमेकींकडे चालत आल्या. टोकांना टोकं लागली. बाईनं टोकं घेतली, पण धाकटीचे हात सोडले नाहीत. क्षणभर तसेच धरून ठेवले.

मग धाकटीनं नाक ओढलं, आणि दुसरी चादर उचलली.