बिनसाखरेचं गोड

"गूळ घातलाय अन् वर पाटी शुगर फ्रीची? भाऊ, गूळ काय आभाळातून पडतो का? उसाचाच ना तो बी?"

शिवकन्येचा आवाज मुळातच खणखणीत. तलवाड्याच्या महिला दूध संस्थेत रोज पहाटे शंभर बायकांच्या गलक्यात कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं हे ओरडून सांगायचं, म्हणजे आवाज लागतोच. मिठाईच्या काउंटरवरचा माणूस गडबडला.

"ताई, गुळानं काय होत न्हाई. नैसर्गिक असतो."

"माझ्या आईला होतं. ती साखरेची पेशंट हाय."

तेवढ्यात तिच्या पाठीमागे कुणीतरी खोकलं. तिनं वळून बघितलं. उंच, सावळा, पंचविशीचा एक तरुण उभा होता. हातात बासुंदीचा कप. कप अर्धा रिकामा, आणि चेहरा... चुना लावल्यासारखा पांढरा.

"यात गूळ आहे?" त्यानं विचारलं.

"वासच सांगतोय की."

त्यानं कपाकडे असं बघितलं, की जणू त्यात विंचू बसलाय. मग कप काउंटरवर ठेवला आणि जवळजवळ पळतच निघून गेला. शिवकन्या बघतच राहिली. बासुंदीला घाबरून पळालेला माणूस तिनं जन्मात बघितला नव्हता!

खरं तर त्या दिवशी सकाळपासून धक्केच बसत होते. पाटोद्याजवळच्या माळावर हे रंगतरंग पार्क. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकांची दोन दिवसांची सहल निघाली होती. गुरं चारा छावणीत होती. ती दोन दिवस नवऱ्यांच्या गळ्यात घालून बायका हौसेनं निघाल्या, पाण्यात खेळायचं म्हणून जास्तीची लुगडी घेतली. आणि फाटकावर पाटी: 'दुष्काळामुळे पाण्याचे सर्व खेळ बंद.' लाटांच्या तलावात धूळ उडत होती. निळ्या घसरगुंडीवर पालापाचोळा. "आगं बया, आपल्या विहिरीसारखंच की हे!" भामाबाई म्हणाली, आणि सगळ्या आधी सुन्न झाल्या नि मग पोट धरून हसल्या. शेवटी पाळण्यात बसल्या, आरशांच्या खोलीत शिरल्या, आणि खाण्याच्या गाड्यांवर तुटून पडल्या.

शिवकन्येची आई वत्सलाबाई मात्र बाकावर बसून दुसऱ्यांचे आईस्क्रीम बघत होती. चार वर्षांपासून साखर. काही मागायची नाही, नुसती बघायची. ते बघणंच शिवकन्येला सहन व्हायचं नाही. आईला आज काहीतरी गोड खाऊ घालायचंच, असं ठरवूनच ती निघाली होती.

दुपारी पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी तो पुन्हा भेटला.

"मघाशी पळालात कावून?" तिनं थेट विचारलं.

"तो कप... वडलांसाठी घेतला होता. त्यांना साखर आहे."

"मग अर्धा तुमी कावून खाल्ला?"

"चव बघितली."

"अर्धा कप?"

"आमच्या सिरसाळ्याकडं चव जरा मोठीच बघतात," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. शिवकन्येनं उगाचच ओढणी सारखी केली.

त्याचं नाव उत्तरेश्वर. वडील सुंदरराव साखर कारखान्याचे डायरेक्टर. ऊसच नव्हता, त्यामुळे औंदा कारखान्याची चिमणी पेटली नव्हती. पुढं काय करायचं यासाठी डायरेक्टर लोकांची दोन दिवसांची बैठक पार्कातल्या सभागृहात चालू होती, आणि हा वडलांची गाडी घेऊन आला होता.

"नाव उत्तरेश्वर, अन् एका प्रश्नाचं उत्तर सरळ देत न्हाईत तुमी."

"प्रश्न अवघड विचारता."

"गोड शोधायचंय ना तुमाला बी? चला मग. दोघं मिळून शोधू."

आणि ते निघाले. एका गाडीवर 'डाएट जिलेबी' होती. तूप कमी म्हणून डाएट, पाक तेवढाच! दुसरीकडे फळांच्या कपात फळं साखरेच्या पाण्यात बुडालेली. तिसरीकडे शुगर फ्री कुल्फीची पाटी होती, कुल्फी गेल्या वर्षीच संपलेली. उत्तरेश्वर प्रत्येक ठिकाणी बारीक चौकश्या करायचा. यात पीठ कुठलं? दूध किती आटवलं? वडलांची एवढी काळजी घेणारा मुलगा... शिवकन्येला त्याचं कौतुक वाटलं. नुसतं कौतुकच बरं का, असं तिनं स्वतःला बजावलं.

"जाऊ द्या. मीच करते," ती शेवटी म्हणाली. "चक्का लावते. साखर न्हाई, गूळ न्हाई."

कॅन्टीनमधून तिनं चांगलं घट्ट दही मिळवलं. दिवेलागणीला स्वच्छ पंच्यात बांधलं. टांगायचं कुठं? उत्तरेश्वरनं इकडे तिकडे बघितलं आणि थेट रेन डान्सच्या पाईपला गाठोडं बांधून दिलं. कोरड्या ठाक पाईपांच्या जाळ्यातून दह्याचं पाणी टप... टप... खालच्या पातेल्यात पडू लागलं.

"बघा," तो हळूच म्हणाला, "अख्ख्या पार्कात फक्त आपल्याच डोक्यावर पाऊस चालू आहे."

"नाचा मग."

"एकटाच?"

ती लाजली. खाली वाकून पातेलं उगाचच इंचभर सरकवलं, आणि थेंब तिच्या मनगटावर पडला.

सकाळी चक्का काढला. त्यात ताजी साय, वेलची, भाजलेल्या बदामाचे काप, आणि पार्काच्या कुंपणावरच्या झाडाची जांभळं बारीक चिरून. रंग असा जांभळट गुलाबी आला की भामाबाईनंही वाटी पुढं केली. वत्सलाबाईनं आधी बोट टोचून साखर मोजली. मग चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

उत्तरेश्वरनं एक घास घेतला. दुसरा घेतला. आणि एकदम म्हणाला, "दहा वर्षांनी..."

"काय दहा वर्षांनी?"

"काही नाही." त्यानं नजर वळवली. त्याचे डोळे ओले झाले होते. एका वाटी चक्क्यानं माणूस रडतो?

दोन तासांनी वत्सलाबाईनं परत बोट टोचलं. आकडा जवळजवळ हललाच नव्हता! शिवकन्या यंत्र हातात घेऊन पळतच सुटली. ही बातमी सगळ्यात आधी त्यालाच सांगायची होती. सभागृहाशी नाही, कॅन्टीनशी नाही... ती निळ्या घसरगुंडीच्या मागे वळली आणि जागच्या जागी थिजली.

उत्तरेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा होता. सदरा वर केलेला. हातात सुई. ती त्यानं स्वतःच्या पोटात खुपसली.

"अहो!" तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. "काय करताय? नशा...! अहो, कुणीतरी या!"

असला आवाज, मग काय! दोन पहारेकरी काठ्या घेऊन आले. "तसं नाही, ऐका..." असं उत्तरेश्वर म्हणेपर्यंत त्यांनी त्याचे दंड धरले आणि त्याला ऑफिसात नेऊन बसवलं. सुई टेबलावर ठेवली. सुंदररावांना बैठकीतून बोलावून आणायला निरोप गेला, त्यात अर्धा तास गेला. शिवकन्या दारात उभी होती. कालपासून ज्याच्याबरोबर हसले, तो हा असा?

सुंदरराव आले. पांढरे कपडे, मागे दोन डायरेक्टर. त्यांनी टेबलाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, मग मागच्या दोघांकडे. आणि खाली बघत म्हणाले,

"व्यसन हाय त्याला. संगत वाईट लागली. सोडवतोय आमी."

उत्तरेश्वरनं झटक्यात मान वर केली. वडलांकडे असं बघितलं, जणू तिथल्या तिथं कुणी थोबाडीत मारली असावी.

शिवकन्येचं लक्ष टेबलावर गेलं. ती साधी सुई नव्हती, पेनासारखी होती. त्यावरची अक्षरं तिनं वाचली. आईच्या डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये असली पेनं तिनं कितीदा बघितली होती. इन्सुलिन! म्हणजे तो अर्धा कप... ते दहा वर्षांनी...

"बाबा... जे-वण..." उत्तरेश्वर पुटपुटला. त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं, ओठ थरथरत होते, जीभ जड झाली होती.

"बघा, चढली," एक डायरेक्टर म्हणाला.

"चढली न्हाई!" शिवकन्या ओरडली. "साखर उतरलीय त्यांची! जेवणाआधी इन्सुलिन घेतलं, अन् जेवायच्या आत आपण धरून आणलं. गोड द्या काहीतरी, लवकर!"

ऑफिसात साखरेचा दाणा नव्हता. सुंदरराव नुसते खिसे चाचपत राहिले. शिवकन्या बाहेर पळाली. फाटकाशी बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. तिनं लाल सरबताची अख्खी बाटली उचलली आणि तशीच परत आली. त्याची हनुवटी धरली.

"प्या. हळूहळू. माझ्याकडं बघा. गिळा."

तो गिळत होता. लाल थेंब हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर ओघळले. पाच मिनिटं... दहा मिनिटं... ती त्याच्या डोळ्यांवरून नजर हलवेना. हळूहळू थरथर थांबली.

"लई गोड आहे हो," तो क्षीण आवाजात म्हणाला, आणि शिवकन्या हसता हसता ढसाढसा रडली.

सुंदरराव भिंतीला टेकून खालीच बसले होते. "सोळा वर्षांचा होता तवा कळलं," ते कुणाकडेच न बघता बोलले. "कारखान्याच्या डायरेक्टरच्या पोराला साखर... लोक हसतील म्हणलं. नशेबाजाला बी पोरगी देतात लोक. म्हणतात, सुधरंल. पर जन्मभर सुई टोचणाऱ्याला कोण देतंय?"

संध्याकाळी बस निघायच्या आधी उत्तरेश्वर तिला शोधत आला.

"माफ करा," ती म्हणाली. "माझ्या तोंडापायी तुमचा जीव गेला असता."

"मी खोटं बोललो नसतो, तर तुम्ही ओरडला नसता." त्यानं बसकडे बघितलं. "तलवाड्याला दूध कधी घालतात?"

"पहाटे सहाला. कावून?"

"सहजच."

बसमध्ये वत्सलाबाईनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "पोरगं चांगलं हाय. पर जन्माची सुई हाय, पोरी."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तर. एरवी तुझं तोंड थांबतंय का?"

आठ दिवस गेले. चारा छावणीच्या तोंडाशी पत्र्याखाली दूध संकलन चालू होतं. पाण्याचा टँकर येऊन गेला होता, बायकांची रांग लागली होती, त्यात वत्सलाबाईही होती, आणि धूळ उडवत एक जीप येऊन थांबली. उत्तरेश्वर उतरला. रांगेपुढे येऊन उभा राहिला. हात जोडले.

"मी उत्तरेश्वर. सिरसाळ्याचा. मला दहा वर्षांपासून साखरेचा आजार हाय. रोज चार सुया घेतो, अन् जन्मभर घ्याव्या लागतील. हे आधी सांगतो. वत्सला मावशी, मी शिवकन्येला मागणी घालायला आलोय."

शिवकन्येच्या हातातलं दुधाचं माप कलंडलं आणि दूध पायावर सांडलं, ते तिला कळलंही नाही. असं कुणी मागणी घालतं? शंभर बायकांत? रोग आधी सांगून?

वत्सलाबाई सावरली. "अन् तुमचे वडील?"

"जीपमध्ये बसलेत. उतरायची हिंमत होईना म्हणतात."

वत्सलाबाईनं मुलीकडे बघितलं. शिवकन्या जीपपाशी गेली आणि दार उघडलं.

"काका, आत तापलंय. खाली या. इथं सगळ्यांच्याच घरी काही ना काही हाय."

सुंदरराव उतरले. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "माझ्या पोराला साखर हाय. मी लपवलं. लेकराला नशेबाज म्हणलो, पर खरं बोललो न्हाई. माझं चुकलं."

भामाबाईनं पदर डोळ्याला लावला. वत्सलाबाई म्हणाली, "दादा, सावलीत बसा आधी."

"मला कुणी विचारलंच न्हाई अजून," शिवकन्या म्हणाली.

उत्तरेश्वर तिच्यासमोर आला. "विचारतो. सणावाराला ताटावरून भांडणं होतील. कधी मी दरदरून घामाघूम होईन, वेडंवाकडं बोलेन. उपाशी असलो की चिडका हाय. अन्..."

"अन्?"

"अन् त्या सकाळपासून मला दुसरं काही गोडच लागत न्हाई."

तिनं खाली बघितलं. पायाचा अंगठा सांडलेल्या दुधात फिरवला. मग मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत त्याला सगळं दिसलं.

"सुई कशी टोचायची ते आधी शिकवा," ती म्हणाली. "बाकीचं मी बघून घेईन."

"आत्ता?"

"न्याहरीची वेळ झालीच की."

उत्तरेश्वरनं खिशातून पेन काढलं. भिंत शोधली नाही, आडोसा शोधला नाही. सकाळच्या उन्हात, वडलांसमोर नि तलवाड्याच्या साऱ्या बायकांसमोर, त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि दंड तिच्या पुढे धरला.