सबुरीच्या पेशी

मिरजेत आता कॅन्सरचं कुणी फारसं मनावर घेत नसे. आठवडाभर दवाखान्यात पडायचं, दोन-चार दिवस ताप सोसायचा आणि घरी यायचं, की झालं. शेवंतामावशीही खानावळ जावेवर सोपवून अशीच निघाली होती. लेक रत्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी मावशीला लवकर धडधाकट व्हायचं होतं.

समोर डॉक्टर नाजनीन मुजावर. शिकत असताना ती मावशीच्याच खानावळीत जेवायची, म्हणून आज तिची जीभ रेटत नव्हती.

“मावशी, अंगात पहारेकरी पेशी असतात. परकं दिसलं की गिळायचं, हे त्यांचं काम. पण बाई गरोदर राहिली की पोटातलं मूलही निम्मं परकंच की! तेव्हा दुसऱ्या काही पेशी पहारेकऱ्यांना दटावतात, ‘याला हात लावायचा नाही.’ त्यांना आम्ही सबुरीच्या पेशी म्हणतो. तुमची गाठ त्यांच्याच आडोशाला वाढलीय. औषधानं त्या काढल्या की पहारेकरी गाठ फस्त करतील.”

“करू देत की. मग तुझं तोंड का उतरलंय?”

नाजनीनने चाचरत सांगितलं. मूल जन्मतं, पण त्याच्या थोड्या पेशी आईच्या अंगात मागे राहतात, कधीकधी जन्मभर. मावशीच्या यकृतात तशा पेशी सापडल्या होत्या, मुलीच्या नव्हे, मुलग्याच्या. जिथे इजा झाली होती तिथे त्या डागडुजी करत होत्या. पण त्याही निम्म्या परक्याच, सबुरीच्या पेशींच्याच आडोशाला टिकलेल्या.

“म्हणजे आमचा सदा?”

सदा कृष्णेच्या पुरात वाहून गेला, त्याला कितीतरी वर्षं झाली. देह सापडलाच नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. मावशी मात्र अजूनही घाटावर गेली की पाण्याकडे बघत उभी राहायची, आणि पोरगा इकडे आईचं यकृत सांधत बसला होता! तिला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं.

“त्याला तेवढा वगळ गं.”

“नाही जमत, मावशी. सबुरी गेली की सगळ्यांसाठीच जाते.”

“आणि औषध नकोच म्हटलं तर?”

“रत्नाच्या बाळाला न्हाऊ घालायला तुम्ही नसाल.”

मावशी औषध न घेताच घरी परतली, त्याला दोन दिवस झाले. रत्ना अवघडलेल्या अंगाने तिच्यासाठी चहा घेऊन आली, तेव्हा तिने लेकीच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली.

औषध दिल्यावर दुसऱ्या दुपारी ताप चढला. पहारेकरी कामाला लागल्याची ती खूण होती, म्हणून नाजनीनला हायसं वाटलं. ती ओली पट्टी कपाळावर ठेवायला गेली, तर मावशीने तिचा हात धरला.

“तो झुंजेल का गं त्यांच्याशी?”

“नाही, मावशी. त्या पेशींना झुंजता येत नाही.”

“मग पट्टी नको ठेवूस. तेव्हा जाळला तो गवताचा पुतळा होता. आज माझा सदा आहे.”

नाजनीनने पट्टी वाटीत परत टाकली. मावशी डोळे मिटून त्याचं नाव घेत राहिली. ज्या अंगाने त्याला वाढवलं होतं तेच आता त्याला गिळत होतं, आणि उशाशी असलेल्या यंत्राच्या हिशेबाने सगळं अगदी सुरळीत चाललं होतं.